मुखवट्याचें आयुष्य

एकदां ऐकलेल्या भुताच्या गोष्टीची भीति दुसऱ्या खेपेस निम्मी होते, आणि तिसऱ्या खेपेस ऐकणारा सांगणाराच्या आधींच "आतां तें दाराआडून येणार" असें म्हणूं लागतो. असें असूनही अमेरिकेंतील चित्रपटव्यवसायानें एकच खुनी, एकच मुखवटा आणि बहुतेक एकच कथानक घेऊन एकेका मालिकेचे दहा दहा, बारा बारा भाग काढले व ते लोकांनीं पैसे देऊन पाहिले. 'हॅलोवीन' या मालिकेचे १९७८ पासून २०२२ पर्यंत तेरा चित्रपट निघाले. 'फ्रायडे द थर्टीन्थ' या मालिकेचे १९८० पासून २००९ पर्यंत बारा. या जातीच्या चित्रपटांस इंग्रजींत 'स्लॅशर' म्हणतात. सुरीनें सपासप वार करणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. अशा दीर्घ मालिकेंत ताजेपणा टिकूं शकतो काय, हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ करमणुकीचा वाटेल. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. पडद्यावर माणूस मरतांना पाहण्याची संवय जडली, म्हणजे त्या मरणाऱ्या माणसाविषयीं पाहणाऱ्यास कांहीं वाटावयाचें उरतें काय? या चित्रपटांचा इतिहास चाळला असतां दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकाच ठिकाणीं सांपडतात.

रक्तपाताचा देखावा मांडून गल्ला भरणें हा कांहीं चित्रपटांचा शोध नव्हे. पॅरिस शहरांत १८९७ सालीं उघडलेलें 'ग्राँ गिन्योल' नांवाचें लहानसें नाट्यगृह १९६२ पर्यंत हाच माल विकीत होतें. पडद्यावर या प्रकाराचें मूळ सामान्यतः आल्फ्रेड हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'पर्यंत नेतात. पुढें १९७१ सालीं इटलींत मारियो बाव्हा यानें आणि १९७४ सालीं कॅनडांत बॉब क्लार्क यानें त्यांत भर घातली. पण वंशावळ कितीही लांबविली, तरी ज्या साच्यांतून पुढील असंख्य चित्रपट ओतले गेले तो साचा जॉन कारपेंटर याच्या 'हॅलोवीन'चाच होय.

१९७८ सालचा हा चित्रपट सुमारें सव्वातीन लक्ष डॉलरांत तयार झाला. अमेरिकेच्या मानानें ही रक्कम क्षुल्लक. कारपेंटर आणि त्याची सहलेखिका व निर्माती डेब्रा हिल यांच्यापाशीं देखावे उभारण्यास पैसा नव्हता. इलिनॉय प्रांतांतील हॅडनफील्ड या कल्पित गांवची कथा त्यांनीं कॅलिफोर्नियांतील घरांपुढें चित्रित केली. खुन्याच्या तोंडावर घालण्यास मुखवटा हवा होता. तो दोन डॉलरांच्या आंत दुकानांतून विकत आणला. 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणीवरील मालिकेंतील कप्तान कर्क याच्या चेहऱ्याचा तो मुखवटा. त्याच्या डोळ्यांचीं भोंकें मोठीं करून त्यावर पांढरा रंग फांसला, आणि ज्यावर राग नाहीं, लोभ नाहीं, आनंदही नाहीं असा एक चेहरा तयार झाला. संगीत कारपेंटरनें स्वतःच दिलें: पियानोवरील एक साधी, पांच मात्रांची आणि म्हणून कानास सतत कांहींतरी अपुरें राहिल्यासारखें वाटणारी सुरावट.

कथानक तर चार ओळींचें आहे. सहा वर्षांचा मायकेल मायर्स आपल्या थोरल्या बहिणीचा खून करतो. पंधरा वर्षांनीं वेड्यांच्या इस्पितळांतून पळून गांवीं परत येतो आणि शाळेंत शिकणाऱ्या तीन मैत्रिणींच्या मागें लागतो. त्यांपैकीं शेजाऱ्यांचीं मुलें सांभाळणारी लॉरी स्ट्रोड ही एकटी वांचते. चित्रपटांत रक्त जवळजवळ नाहींच. भीति आहे ती वाट पाहण्यांत. दिवसाढवळ्या कुंपणाआड एक आकृति उभी दिसते. पुन्हां पाहावें तों नाहीं. लॉरी हें मैत्रिणीस सांगते, मैत्रीण थट्टा करते. शेवटीं खुनी पाठीशीं असतांना ती शेजारच्या घराचें दार ठोठावते. आंतून दिवा लागतो, खिडकींतून कोणीतरी बाहेर पाहतें, आणि दिवा पुन्हां मालवला जातो. त्या पांढऱ्या मुखवट्यापेक्षां हा मालवलेला दिवा अधिक भयंकर आहे. सुखवस्तु आणि सुरक्षित म्हणविणाऱ्या वस्तींत एका मुलीच्या हांकेला कोणी ओ देत नाहीं, ही या चित्रपटांतील खरी भीति. खुन्याला चित्रपटानें कारण दिलेलें नाहीं. श्रेयनामावलींत प्रौढपणच्या त्या मुखवटाधाऱ्याचा उल्लेख 'आकृति' एवढाच आहे.

या चित्रपटानें जगभरांत मिळून सुमारें सात कोटि डॉलर मिळविले, तेव्हां उत्तरभाग निघणें क्रमप्राप्तच होतें. तो १९८१ सालीं निघाला. लेखन पुन्हां कारपेंटर व हिल यांचेंच होतें. परंतु उत्तरभागाला कांहीं नवी बातमी लागते, आणि सर्वांत स्वस्त बातमी म्हणजे खुन्याचें पूर्वचरित्र. लॉरी ही मायकेलचीच धाकटी बहीण, असें या भागांत उघडकीस आलें. कारपेंटरनें स्वतः पुढें या युक्तीविषयीं नापसंती बोलून दाखविली, आणि ती योग्यच होती. कोणाच्याही दाराशीं येऊं शकणारा खुनी या एका वाक्यासरशी एका कुटुंबाचा घरगुती मामला होऊन बसला. भाऊबंदकींतला खून कितीही क्रूर असला, तरी शेजारी रात्रीं निर्धास्त निजतो.

तिसऱ्या भागाच्या वेळीं, १९८२ सालीं, एक धाडस करून पाहण्यांत आलें. मायकेलला वगळून दर वर्षीं त्याच सणाची एक निराळी कथा सांगावी, असा बेत होता. त्याप्रमाणें मुखवटे विकणाऱ्या एका दुष्ट कारखानदाराची गोष्ट पडद्यावर आली. प्रेक्षक ओळखीचा मुखवटा पाहावयास आले होते; ते चिडले, आणि बेत तेथेंच संपला. १९८८ सालीं मायकेल परत आला. आतां त्याला मारण्यासाठीं पुतणी-भाच्यांची जुळवाजुळव करावी लागली, म्हणून लॉरीची लहान मुलगी निर्माण करण्यांत आली. १९९५ सालच्या सहाव्या भागांत तर त्याच्या अमानुष शक्तीचें मूळ एका गूढ पंथाच्या शापांत असल्याचें सांगितलें गेलें. ज्याच्याविषयीं कांहीं ठाऊक नव्हतें म्हणून लोक घाबरत, त्याची येथपावेतों जणूं जन्मपत्रिकाच मांडून झाली होती.

हे भाग काढणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांचा हिशेब पक्का होता, आणि तो 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या बाबतींत अधिक स्पष्ट दिसतो. १९८० सालचा तो पहिला चित्रपट सुमारें साडेपांच लक्ष डॉलरांत झाला, पॅरामाउंटसारख्या बड्या कंपनीनें तो अमेरिकेंत दाखविला, आणि तेथें त्याचें उत्पन्न चार कोटींच्या घरांत गेलें. नामांकित नटाचें वेतन नाहीं, भव्य देखावे नाहींत. शिवाय खुन्याचें तोंड झांकलेलें असल्यामुळें नट बदलला तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मुखवटा म्हातारा होत नाहीं, वेतन वाढवून मागत नाहीं आणि मरतही नाहीं. एवढ्या गुणांचा नोकर कोणता मालक सोडील? १९८० ते १९८९ या दहा वर्षांत मालिकेचे आठ भाग निघाले.

गंमतीची गोष्ट अशी कीं, पहिल्या भागांत खुनी जेसन नव्हेच; तळ्यांत बुडालेल्या मुलाचा सूड घेणारी त्याची आई होय. दुसऱ्या भागांत जेसन डोक्यावर पिशवी ओढून येतो, आणि ज्या हॉकीच्या मुखवट्यावरून तो जगभर ओळखला जातो तो त्यास १९८२ सालच्या तिसऱ्या भागांत मिळतो. चौथ्या भागाचें नांव 'अंतिम अध्याय' असें ठेवून पुढच्याच वर्षीं पांचवा काढण्यांत आला. नंतर विजेच्या लोळानें तो थडग्यांतून उठला, आठव्यांत न्यूयॉर्कला निघाला (पण बहुतेक वेळ बोटीवरच राहिला), आणि दहाव्यांत अंतराळयानांत पोंचला. जागा बदलल्या, मरणारीं माणसें मात्र तींच राहिलीं: चार तरुण मुलें, तितक्याच मुली, ज्यांचीं नांवें पाहणाऱ्यास घरीं जाईपर्यंतही आठवूं नयेत.

या मालिकेचे चाहते यावर असें उत्तर देतात कीं, येथें नावीन्य हवेंच कोणास आहे. ओळखीचा विधि यथासांग पार पडल्याचें समाधान हाच यांतला आनंद. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाहीं. कीर्तनांत सीतास्वयंवराचें आख्यान लागलें, म्हणजे धनुष्य कोण मोडणार हें कळावें म्हणून कोणी जागत नाहीं. पण त्या आख्यानांत जानकीच्या मनाची घालमेल बुवांना दर खेपेस नव्यानें उभी करावी लागते. ती गाळून त्यांनीं नुसतें धनुष्यच पुन्हां पुन्हां मोडून दाखविलें, तर श्रोते टाळकऱ्यांच्या आधीं उठून जातील. जेसनच्या मालिकेनें बहुतेक वेळां नुसतें धनुष्यच मोडलें. तिचा १९८६ सालचा सहावा भाग तेवढा टवटवीत वाटतो. कारण दिग्दर्शक टॉम मॅक्‌लॉक्लिन यानें हें सर्व हास्यास्पद आहे हें प्रेक्षकांच्या आधीं स्वतःच कबूल करून टाकलें, आणि मरणाऱ्या पात्रांना थोडेंबहुत बोलावयास दिलें.

समीक्षकांचा वाद याच सुमारास पेटला होता. जीन सिस्केल व रॉजर ईबर्ट या दोघां प्रसिद्ध अमेरिकन परीक्षकांनीं १९८० सालीं आपल्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाचा एक संपूर्ण भाग या चित्रपटांवर टीका करण्यास वाहिला. हे चित्रपट प्रेक्षकांस खुन्याच्या डोळ्यांनीं पाहावयास लावतात आणि स्त्रियांच्या यातनांचा तमाशा करतात, असा त्यांचा आक्षेप होता. उलट कॅरोल क्लोव्हर या विदुषीनें १९८७ सालच्या आपल्या निबंधांत असें दाखविलें कीं, शेवटास प्रेक्षकांचें मन खुन्याबरोबर नसून वांचणाऱ्या मुलीबरोबर असतें. दोन्ही पक्ष खरे आहेत, पण ते निरनिराळ्या भागांविषयीं खरे आहेत. क्लोव्हरबाईंचें म्हणणें लॉरीला तंतोतंत लागू पडतें. दीर्घ मालिकांच्या पांचव्या-सातव्या भागांस लागू पडतो तो सिस्केल-ईबर्टांचा आक्षेप.

स्वप्नांत येऊन मारणाऱ्या फ्रेडी क्रूगरचें उदाहरण थोडें निराळें. वेस क्रेव्हन याच्या १९८४ सालच्या 'ए नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'ला मूळ प्रेरणा मिळाली ती आग्नेय आशियांतून अमेरिकेंत आलेले कांहीं निर्वासित झोंपेंतच मरण पावल्याच्या वर्तमानपत्री बातम्यांवरून. झोंप कोणास टाळतां येत नाहीं, हा त्या कल्पनेचा जोर. पण फ्रेडीला चेहरा होता, जीभ होती आणि रॉबर्ट इंग्लंडसारखा हुशार नट होता. त्यामुळें तो भागागणिक अधिक विनोदी होत गेला आणि दशक संपण्याच्या आंत मुलांचें खेळणें झाला. हें विदूषकपण राक्षसांच्या नशिबीं पूर्वींही आलेलें आहे. १९३१ सालीं लोकांचा थरकाप उडविणारा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस १९४८ सालीं ॲबट व कॉस्टेलो या विनोदी जोडीपुढें उभा राहिला होता. क्रेव्हननें १९९४ सालीं परत येऊन पहिल्या चित्रपटाच्या नायिकेस, हेदर लँगेनकँप हिला, स्वतःच्याच भूमिकेंत आणलें. भुताची भूमिका केलेल्यांच्या घरांत भूत शिरतें, अशी ती गोष्ट. तिला यश बेताचेंच आलें. परंतु दोन वर्षांनीं 'स्क्रीम'मध्यें ज्यांनीं असले चित्रपट पाहिलेले आहेत अशीं पात्रें आणून त्यानें तोच विचार सुलभ केला, आणि तो फार गाजला. त्या मालिकेंत दर भागांत मुखवट्याआड माणूस निराळा असतो, म्हणून रहस्यकथेची उत्सुकता तिला पुरली. हें चातुर्यही पुढें संवयीचें झालें, हें मात्र मान्य केलें पाहिजे.

मराठी प्रेक्षकांस यांपैकीं एका मालिकेचें मूळ चांगलेंच परिचित आहे. १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले'मध्यें मरणोन्मुख खुनी मंत्राच्या बळावर मुलांच्या बाहुल्यांत शिरतो व चकी या नांवानें वावरूं लागतो. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या 'झपाटलेला'मधील तात्या विंचू हा या चकीचाच मराठी अवतार. त्याचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातचा. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या शेजारीं त्या बाहुल्यास बसवून मराठी चित्रपटानें पहिल्याच खेपेस भय आणि हास्य एका पंक्तीस जेवूं घातलीं. अमेरिकन मालिकेस तेथवर येण्यास दहा वर्षें व चार चित्रपट लागले. १९९८ सालच्या चौथ्या भागांत चकीचें लग्न लागलें, २००४ सालीं त्यास मूल झालें, आणि मग २०१३ सालीं एका अंधाऱ्या घरांत, चाकांच्या खुर्चींतून हिंडणाऱ्या एका तरुणीच्या गोष्टींत, मालिका पुन्हां भीतीकडे वळली. हे सातही चित्रपट डॉन मॅन्सिनीनें लिहिले; पहिल्याच्या लेखनांत मात्र इतरांचाही हात होता. त्यांनंतरची २०२१ ते २०२४ ची दूरचित्रवाणी-मालिकाही त्याचीच. एवढ्या दीर्घ काळांत तिचा रस टिकला त्याचें कारण उघड आहे. मुख्य लेखक एकच होता, तो वयानें वाढत होता, आणि त्यानें आपल्या बाहुल्यास संसार दिला. जेसनला संसार नाहीं.

मुखवटा बदलत नाहीं, तर मग बदलावयाचें कोणीं? याचें सर्वांत चांगलें उत्तर एका ज्या चित्रपटानें दिलें, तो या मालिकांच्या गर्दींत दुर्लक्षितच राहिला आहे. हिचकॉकच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, १९८३ सालीं, रिचर्ड फ्रँकलिन यानें 'सायको'चा दुसरा भाग काढला. नॉर्मन बेट्स बावीस वर्षांनीं बरा होऊन इस्पितळांतून घरीं येतो. अँथनी पर्किन्सनें ती भूमिका अशी वठविली आहे कीं, हा माणूस पुन्हां सुरी हातीं घेईल या भीतीपेक्षां त्याला ती घ्यावी लागूं नये, ही काळजीच प्रेक्षकास अधिक लागून राहते. गेलेला काळ येथें प्रथमच या चित्रपटांच्या उपयोगी पडला.

तोच काळ लॉरीच्याही उपयोगी पडला. १९९८ सालच्या 'हॅलोवीन'च्या सातव्या भागांत जेमी ली कर्टिस परत आली. लॉरी नांव बदलून एका शाळेची मुख्याध्यापिका झालेली आहे, दारूचा आधार घेते, आणि दर वर्षीं तो दिवस आला कीं कांपते. तिच्या कचेरींतील कारकून बाईचें काम जॅनेट ली हिनें केलें आहे. 'सायको'मध्यें न्हाणीघरांत मारली गेलेली ती हीच, आणि जेमीची सख्खी आई. चार वर्षांनीं निघालेल्या पुढील भागानें मात्र या लॉरीस आरंभींच्या कांहीं मिनिटांत मारून टाकलें. सबंध मालिकेंत याहून कोता व्यवहार दुसरा झाला नसेल. २००७ सालीं रॉब झाँबीनें मूळ कथा पुन्हां चित्रित करतांना मायकेलचें दुःखी बालपण सविस्तर दाखविलें, आणि १९८१ ची चूक नव्या खर्चानें केली.

डेव्हिड गॉर्डन ग्रीनच्या २०१८ सालच्या चित्रपटानें पहिला भाग सोडून बाकी सारें रद्दबातल केलें. मायकेल तिचा भाऊ असल्याची गोष्ट लोकांनीं रचलेली, असें त्यांतील एक मुलगी सहज बोलून जाते. लॉरी आतां आजी झाली आहे. रानांतल्या घरास तिनें अडसर घातले आहेत, तळघरांत बंदुका ठेवल्या आहेत. दोन लग्नें मोडलीं, आणि लहानपणीं नेमबाजी शिकविलेली मुलगी सरकारनें तिच्याजवळून काढून नेली. तो परत येईल असें ती चाळीस वर्षें सांगत आली आणि कोणीं ऐकलें नाहीं. पहिल्या चित्रपटांत शेजाऱ्यानें मालवलेला दिवा या खेपेस पोटच्या मुलीच्या नजरेंत मालवलेला दिसतो. मायकेल जो १९७८ सालीं करीत होता तेंच करतो. पण त्याच्या एका रात्रीनें एका बाईचें सबंध आयुष्य कसें खाल्लें, हें या चित्रपटांत समोर येतें. हीं चाळीस वर्षें कोणत्याही लेखकास लिहून आणतां आलीं नसतीं; तीं त्या नटीच्या चेहऱ्यावर होतीं. चित्रपटानें पंचवीस कोटि डॉलरांहून अधिक मिळविले.

यशानंतर जुनी खोड पुन्हां वर आली. २०२१ सालच्या भागांत माणसें इतकीं मेलीं कीं त्यांचें कोणास सोयरसुतक उरलें नाहीं. अपवाद एका प्रसंगाचा, ज्यांत भडकलेला जमाव भलत्याच माणसास खुनी समजून मृत्यूच्या तोंडीं ढकलतो. २०२२ सालच्या शेवटच्या भागांत मायकेल बराच वेळ दिसतच नाहीं. हातून अपघातानें एक मूल दगावल्यामुळें गांवानें वाळींत टाकलेला एक तरुण त्या मुखवट्याकडे कसा ओढला जातो, याची ती कथा आहे. १९८२ सालच्या मायकेलविरहित भागाप्रमाणें हाही पुष्कळांना आवडला नाहीं. तो सर्वांगसुंदर नाहीं, हेंही खरें. तथापि मुखवट्यास नवी जागा शोधण्याचा या मालिकेंतील सर्वांत प्रामाणिक प्रयत्न हे दोन नावडते भागच आहेत, आणि १९८२ च्या चित्रपटास तरी आतां आपुलकीनें पाहणारे प्रेक्षक मिळाले आहेत.

जेसनच्या मालिकेची गाडी दरम्यान कोर्टाच्या आवारांत अडकली होती. पहिल्या भागाचा लेखक व्हिक्टर मिलर आणि निर्माते यांच्यांत कथेच्या मालकीचा तंटा लागला. २०२१ सालीं अपील न्यायालयानें तो लेखकाच्या बाजूनें निकालांत काढला. मायकेलच्या नशिबीं असा अडथळा नव्हता. शेवटच्या भागांत लॉरी त्याचें प्रेत गांवकऱ्यांच्या मिरवणुकीनें भंगाराच्या कारखान्यांत नेते आणि सर्वांसमक्ष यंत्रांत घालून त्याचा चुरा करविते. पुढच्याच वर्षीं, २०२३ सालीं, मिरामॅक्स कंपनीनें ही कथा दूरचित्रवाणीवर आणण्याचे हक्क मिळविले.